आजीचा पूर आणि पंचांगातला पूर

गेल्या अंकात आम्ही वाचकांना एक विनंती केली होती: घरातल्या वडीलधाऱ्या माणसांनी पूर, भूकंप, दुष्काळ किंवा लढाईचे दिवस पाहिले असतील, तर त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून टिपून ठेवाव्यात. आलेल्या पत्रांत आठवणींपेक्षा अडचणीच अधिक होत्या, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण ऐकायला बसल्यावरच ऐकणे किती अवघड आहे हे कळते. त्यांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी आजी शहाऐंशी वर्षांची आहे. १९६१ साली ती शनिवार पेठेत नदीकडच्या एका वाड्यात राहत होती. पानशेतच्या पुराची तिची आठवण मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली. पूर आषाढी एकादशीला आला, असे ती ठामपणे सांगते, आणि खडकवासल्याचे धरण आधी फुटले असेही म्हणते. दोन्ही गोष्टी चूक आहेत. लिहून काढताना मी त्या दुरुस्त कराव्यात का? (पुणे)

उत्तर : दुरुस्त करू नयेत. तपासून मात्र जरूर पाहाव्यात, आणि तपासाचे टिपण आजींच्या कथनात न मिसळता वेगळ्या कागदावर ठेवावे.

आपण म्हणता ते खरे आहे. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण तेव्हा पुरे झालेले नव्हते आणि त्या पावसाळ्यात त्यात पहिल्यांदाच एवढे पाणी साठले होते; ते वाचवण्यासाठी जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी १२ जुलैच्या सकाळी ते फुटले, आणि त्याच्या लोंढ्यापुढे खालच्या बाजूचे खडकवासल्याचे दगडी धरण त्याच दिवशी काही तासांनी गेले. म्हणजे क्रम आजी सांगतात त्याच्या उलट आहे. परंतु आजी कुठे उभ्या राहून पाहत होत्या, याचा विचार करावा. पुणेकरांच्या बोलण्यात ‘धरण’ म्हणजे खडकवासला. एकोणिसाव्या शतकापासून शहर त्याचेच पाणी पीत आलेले. पानशेत हे नाव पेठांतल्या कितीतरी घरांत पुराबरोबरच शिरले. ज्या धरणाचे पाणी रोज नळाला येत होते, तेच दाराशी आले, असे त्या तेवीस वर्षांच्या सुनेला वाटले असेल, तर तिची ती समजूत हीसुद्धा त्या दिवसाची एक नोंदच आहे. त्या वेळी शहराला काय माहीत होते आणि काय माहीत नव्हते, ते चौकशी आयोगाच्या अहवालापेक्षा अशा ‘चुकां’मधून जास्त नेमके कळते.

एकादशीचे कोडे अधिक गोड आहे. त्या वर्षी अधिक महिना आला होता, त्यामुळे १२ जुलै हा दिवस ज्येष्ठाच्या अगदी अखेरीला पडतो आणि आषाढी एकादशी त्यानंतर सुमारे अकरा दिवसांनी येते. मग आजींना एकादशी का आठवावी? माझ्याकडे उत्तर नाही, पण त्यांना विचारण्यासारखा एक प्रश्न आहे: त्या दिवशी घरात काय शिजले होते? नदीकाठच्या पेठांत त्या दिवशी असंख्य घरांत चूल पेटली नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या रिवाजात घरची चूल न पेटण्याचा दिवस म्हणजे उपासाचा दिवस. किंवा असेही असेल की खरी एकादशी आली तेव्हा आजी कुठल्या तरी शाळेत, नाहीतर नातलगांच्या घरी आश्रयाला होत्या, आणि घराबाहेर काढलेले ते सगळे दिवस मनात एकच होऊन बसले. विचारून पाहा; दोन्ही अंदाज खोटे ठरले तरी हरकत नाही.

या बाबतीत इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावचे उदाहरण मी नेहमी सांगतो. तेथे १९४९ साली एका निदर्शनाच्या वेळी लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने पुढे कामगारांच्या आठवणी मुद्रित केल्या, तेव्हा अनेक जण हा मृत्यू १९५३ सालचा असल्याचे सांगत होते. त्या साली कारखान्यातून मोठ्या संख्येने कामगारांना कमी केले गेले होते आणि रस्त्यावर दंगल उसळली होती. पोर्तेल्लीने चूक खोडली नाही. त्याने विचारले की इतक्या जणांची चूक एकाच दिशेने का होते? सोबत्याचा जीव जावा एवढे मोठे कारण त्यांना १९४९ मध्ये सापडत नव्हते, नोकऱ्या गेल्या त्या साली सापडत होते, म्हणून स्मरणाने तो मृत्यू चार वर्षे पुढे नेऊन ठेवला.

मी स्वतः हे शिकलो ते फजिती होऊन. बऱ्याच वर्षांपूर्वी दत्तवाडीतल्या एका वृद्ध गृहस्थांना मी बोलता बोलता मध्येच थांबवून तारीख सुधारून दिली. ते शांतपणे म्हणाले, “तुम्हाला सगळे ठाऊकच आहे, मग मला कशाला विचारता?” त्यानंतर तासभर बसलो, पण त्यांनी चहाखेरीज काही दिले नाही.

आजींकडे पुन्हा बसाल तेव्हा ‘पुरात काय झाले’ असे मोघम विचारू नका, कारण त्याचे उत्तर सगळ्यांचे सारखेच येते. घरातून निघताना हातात काय घेतले, ते विचारा. ‘लकडी पुलाला पाणी लागले’ ही बातमी पुण्यात दर पावसाळ्यातली; त्या सकाळीही बरीच मंडळी पूर पाहायला म्हणून नदीवर गेली होती. आजींच्या वाड्यातले कोण गेले होते, आणि हा पूर नेहमीचा नाही हे त्यांना कोणत्या खुणेवरून कळले, ते विचारा. त्यानंतरच्या दिवसांतल्या पिण्याच्या पाण्याबद्दल विचारा. पुरात बुडालेल्या शहराच्या नळाला पाणी नव्हते, कारण पाणी साठवणारे धरणच उरले नव्हते. वाड्यांतल्या विहिरी आणि पेशवाईतल्या कात्रजच्या नळाचे हौद तेव्हा लोकांच्या कामी आले. आणि शेवटी ‘पूरग्रस्त’ या शब्दाबद्दल विचारा. हा शब्द आधी सरकारी दाखल्यावर आला, मग गृहरचना संस्थांच्या नावांत जाऊन बसला. अर्धगोल पत्र्याच्या निसन हटमध्ये किंवा गोखलेनगरच्या बाजूला बांधून दिलेल्या घरांत राहायला गेलेल्यांना शाळेत, दुकानात, लग्नाच्या बोलणीत त्या शब्दाने कसे ओळखले जाई, याबद्दल माणसे फार मोलाचे बोलतात, फक्त कोणी विचारत नाही.

प्रश्न : माझी आई १९७२ च्या दुष्काळात दीड वर्ष दुष्काळी कामावर होती. तिला बोलते करायला गेले की ती म्हणते, “मी काय सांगणार? मी नुसती खडी फोडली. सांगायचे ते तुझ्या मामाला विचार, तो मुकादम होता.” (बीड जिल्हा)

उत्तर : हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकले आहे की आता ते मुलाखतीचे नांदीवाक्यच समजतो. त्यावर ‘नाही नाही, तुमचे अनुभव फार महत्त्वाचे आहेत’ असे म्हटल्याने काही साधत नाही. उलट त्या अधिक संकोचतात. खडी कशी फोडायची, एवढेच विचारावे. दगड कोणत्या हाताने धरायचा, हातोडीचा दांडा तुटला तर कोण बसवून द्यायचे, ढीग मोजायला कोण यायचे आणि माप कमी भरले असे सांगितले तर काय करायचे, तान्हे मूल कोणत्या झाडाखाली झोळीत ठेवायचे आणि झाडच नसेल तर कुठे. हातांना विचारलेला प्रश्न त्यांना परका वाटत नाही, आणि एकदा हात बोलू लागले की बाकीचे मागोमाग येते.

१९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या जवळजवळ ५० लाखांवर गेली होती, आणि त्यांत बायकांचे प्रमाण फार मोठे होते. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते यांत त्यांच्या अंगमेहनतीचा मोठा वाटा आहे. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा जो कायदा केला, त्याच्यामागे ही कामे उभी आहेत. सरकारी कागदांत त्या बाया हजेरीपटावरच्या अंगठ्याएवढ्याच उरल्या. तुमच्या मामांची आठवण जरूर घ्या, पण मुकादमाचा दुष्काळ वेगळा आणि त्याच्या हजेरीपटावरच्या बहिणीचा वेगळा. दोघांना एकत्र मात्र बसवू नका. मी एकदा बसवले होते. दीड तास भाऊ बोलले आणि बहीण ‘तेच, तेच’ म्हणत राहिली.

मिलोच्या भाकरीबद्दल नक्की विचारा. परदेशातून आलेल्या त्या तांबड्या ज्वारीचे नाव काढले की गप्प बसलेली माणसे नाक मुरडून का होईना, बोलू लागतात. तीच गोष्ट सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटल्या गेलेल्या पौष्टिक पिठाच्या खाऊची. मात्र ती ज्यांनी लहानपणी खाल्ली, ते तिच्याबद्दल प्रेमाने बोलतात. त्याच सालचा तोच दुष्काळ, पण आईच्या आणि मुलाच्या जिभेवर त्याची चव वेगळी आहे.

आई ओव्या म्हणत असल्यास त्याही मुद्रित कराव्यात. जात्यावर बसलेल्या बाईने जे सांगितले, ते तिने समोरासमोर कोणाला सांगितले असतेच असे नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते, आणि त्यांत सासर-माहेराइतकेच धरणाखाली गेलेल्या जमिनींचे दुःखही आले आहे.

प्रश्न : आमचे गाव उमरगा तालुक्यात आहे. १९९३ च्या भूकंपात माझ्या वडिलांची आई, पहिली पत्नी आणि मुलगी गेली. मी त्यांच्या दुसऱ्या लग्नानंतरचा मुलगा. त्यांनी त्या रात्रीबद्दल माझ्याशी कधीही एक शब्द काढलेला नाही. ते आता बहात्तर वर्षांचे आहेत आणि मला भीती वाटते की ही आठवण त्यांच्याबरोबर जाईल. त्यांना कसे बोलते करावे? (धाराशिव जिल्हा)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि उत्तर लिहायला बराच वेळ घेतला. प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: न बोलण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. इतिहासासाठी म्हणून, किंवा मुलाच्या मनाच्या शांतीसाठी म्हणूनसुद्धा, त्या रात्रीत त्यांना ओढून नेण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘बोलल्याने मन हलके होते’ हे वाक्य आपण फार सहज वापरतो. काहींचे होते, काहींचे कित्येक दिवस अधिक जड होते.

म्हणून त्या रात्रीचा प्रश्न विचारूच नका. जुन्या गावाबद्दल विचारा. एक मोठा कागद आणि पेन्सिल घेऊन बसा आणि त्यांना म्हणा, “वेस कुठे होती, एवढे दाखवा.” वेशीवरून मारुतीचे देऊळ येईल, देवळावरून पार, पारावरून बोळ, बोळातून भावकीची घरे. घर किती खणांचे होते, माळवदावर माती कधी चढवायची, ती कोणत्या शेतातून आणायची, हे ते सांगू शकतील, कारण त्यात अभिमानाची जागा आहे. आपण मात्र ते ऐकताना लक्षात ठेवा की भूकंपात माणसे याच घरांखाली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या हातभर रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया, आणि गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे थरावर थर दिलेली माती. उन्हाळ्यात ज्या घराची थंडाई सगळे वाखाणत, त्याच घराचे वजन ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना अंगावर आले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, दमून, लोक गाढ झोपले होते. सरकारी आकड्याप्रमाणे जवळजवळ ८,००० माणसे गेली आणि ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली.

जुन्या गावाचा नकाशा झाला की भूकंपाच्या आधीच्या वर्षाबद्दल विचारता येते. ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात धक्के बसले होते, जमिनीतून आवाज येत असल्याच्या तक्रारी लोक करत होते. तेव्हा गावात काय बोलले जात होते, कोण घाबरले होते, कोण हसले होते, हे वडिलांना आठवत असेल. त्यानंतर एकदम पुढे या: पत्र्याच्या शेडमधले दिवस, दगडी भिंतीजवळ झोपायची बसलेली धास्ती, आणि मग नवे गाव, जिथे रस्ते सरळ आणि रुंद आहेत पण भावकी पांगली आणि कोणाच्या दारातून कोणाच्या दारात हाक पोचत नाही. मध्ये एक रात्र मोकळी राहील. ती मोकळीच राहू द्या. कागदावर जुने घर काढताना ते ‘इथे आई निजायची’ एवढे म्हणाले, तर तेवढेच लिहा आणि पुढचा प्रश्न विचारू नका.

आणखी एक. असे बोलणे पुष्कळदा मुलापाशी होत नाही. नातवापाशी होते, किंवा पार परक्या माणसापाशी. मुलासमोर रडायची त्या पिढीच्या पुरुषाला लाज वाटते. आपल्या बाबतीत तर आणखी एक पडदा आहे: आधीच्या संसाराचे दुःख आपल्यासमोर बोलून दाखवले, तर नंतरच्या संसाराचा, म्हणजे आपला आणि आपल्या आईचा, अवमान होईल असे त्यांना वाटत असणे शक्य आहे. पहिल्या पत्नीच्या आणि मुलीच्या नावांचा उच्चार घरात चालतो, हे त्यांना आपल्या वागण्यातून कळू द्यावे. पितृपंधरवड्यात त्या दोघींच्या नावाने पान वाढले जाते का? नसल्यास आईशी बोलून ते करता येईल, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र चालू करायची गरज नाही.

ते कधी बोललेच, तर त्या संध्याकाळी त्यांना एकटे सोडू नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जवळ जाऊन बसा.

प्रश्न : आमचे आजोबा चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत. लहानपणी ते माझगावच्या चाळीत राहत. १९४४ साली गोदीत स्फोट झाला तेव्हा आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या, आणि त्यांतली एक आपण पाहिली, असे ते सांगतात. घरात सगळे हसतात. यात काही तथ्य आहे का? (ठाणे)

उत्तर : हसणाऱ्यांना आधी गप्प करा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या, सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि पेट्यांत बंद केलेल्या सोन्याच्या १२४ लगडी होत्या. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. अग्निशमन दलाचे ६६ जवान आग विझवताना मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. शेकडो माणसे गेली, मांडवीच्या बाजूची वस्ती जळाली, आणि सोने खरोखरच उडाले: एक लगड तर सुमारे मैलभर दूरच्या एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन पडली. गोदीतला गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षे लगडी सापडत होत्या.

आता आजोबांनी स्वतः लगड पाहिली का, हा प्रश्न वेगळा. अशा कथनात तीन थर असतात: डोळ्यांनी पाहिलेले, त्याच दिवशी कानांवर आलेले, आणि नंतर वाचलेले किंवा इतरांकडून ऐकून आपलेसे झालेले. ऐंशी वर्षांत हे थर एकमेकांत मुरतात, आणि सांगणारा खोटे बोलत नसतो. थर सोडवायचा एक साधा उपाय आहे. ‘तुम्ही पाहिलेत का?’ असे उलटतपासणीच्या सुरात विचारण्याऐवजी ‘तेव्हा तुम्ही कुठे उभे होता, शेजारी कोण होते?’ असे विचारावे. पाहिलेल्या गोष्टीला जागा असते, उजेड असतो, शेजारचा माणूस असतो. ऐकलेल्या गोष्टीला बहुधा फक्त शेवट असतो.

या स्फोटाच्या बाबतीत ऐकीव आठवणींनाही विशेष मोल आहे. लढाईचे दिवस असल्याने बातमीवर सरकारचा पहारा होता. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी जी हकीकत जगाला सांगितली, ती येथून बाहेर धाडायची मुभा वार्ताहरांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. म्हणजे चार आठवडे मुंबईने जे ऐकले, त्यात तोंडी बातमीचा वाटा फार मोठा होता. जपानी विमाने आली, ही अफवा त्यांतलीच. आजोबांच्या चाळीत त्या महिन्यात काय काय बोलले जात होते, कोण गावी पळाले, कोणाचा माणूस गोदीवरून परतलाच नाही आणि त्याची चौकशी कुठे केली, हे विचारा. सोन्यावरच थांबू नका. सोन्याची गोष्ट आजोबांनी शंभरदा सांगितली असेल. ती आता गुळगुळीत झाली आहे.

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले होते, एवढेच घरात माहीत आहे. त्यांना पाहिलेले आता कोणीही हयात नाही. अशा वेळी मौखिक इतिहास कसा लिहावा? (सातारा)

उत्तर : तोंडी इतिहास म्हणून लिहिता येणार नाही; तोंडी परंपरा म्हणून लिहिता येईल. फरक एवढाच की प्रत्येक वाक्याखाली ‘हे कोणाकडून ऐकले’ याची साखळी जोडावी लागेल: पणजोबांनी आजोबांना, आजोबांनी आत्याला, आत्याने मला. साखळीचा दुवा माहीत नसेल, तर तसेच लिहावे.

‘बसरा’ या शब्दापासून सावध राहा. आपल्याकडे मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर, म्हणजे आजच्या इराकमध्ये कुठेही गेलेला माणूस ‘बसऱ्याला गेला’. तो बसऱ्याच्या बंदरातूनच परत आला असेल किंवा तैग्रिस नदीकाठच्या कूत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडला असेल. कूतमध्ये मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून पुढे जवळजवळ पाच महिने वेढा चालला, अन्न संपले, घोडी मारून खायची वेळ आली आणि हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले. घरात घोड्याच्या मांसाची, न खाण्याच्या शपथेची किंवा परतल्यावर घेतलेल्या प्रायश्चित्ताची काही गोष्ट असल्यास तो धागा पकडावा. गावच्या शाळेत किंवा चावडीत संगमरवरी पाटी आहे का, तेही पाहावे. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले आणि इतके कामी आले, एवढाच मजकूर असलेल्या अशा पाट्या आपल्या जिल्ह्यात अनेक गावांत आहेत. परत न आलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत शोधता येतात.

त्या लढाईतल्या साध्या हिंदी शिपायाचा आवाज मुळीच उरला नाही, असे मात्र नाही. बर्लिनजवळच्या व्युन्सडोर्फ येथील छावणीत जर्मन अभ्यासकांनी युद्धकैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. त्यांना हवे होते भाषांचे नमुने. त्यांपैकी मल सिंग नावाच्या एका पंजाबी शिपायाने डिसेंबर १९१६ मध्ये फोनोग्राफच्या भोंग्यासमोर उभे राहून एक गोष्ट सांगितली: एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, मग तो लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडले, आणि आता त्याला घरी जायचे आहे. ‘मी’ हा शब्द त्याने वापरला नाही. मला वाटते, आजीच्या कहाणीसारखे ‘आटपाट नगर होते’ या थाटात बोलल्यामुळेच त्याला एवढे बोलता आले. आपल्या आत्यांनी पणजोबांची हकीकत कहाणीसारखी सांगितली, तर ‘नीट, खरे काय ते सांगा’ असे म्हणून तिची मोडतोड करू नये.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल मी चिपळुणातल्या वीस दुकानदारांशी बोललो. ते सगळे आपल्या बोलीत बोलतात. छापताना प्रमाणभाषेत घालावे का? आणि इतक्या ताज्या घटनेची नोंद ‘इतिहास’ म्हणावी का? (रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : बोली ठेवावी. अडणारा शब्द असेल तर खाली अर्थ द्यावा. ‘पाणी चढले’ आणि ‘पाणी भरले’ यांत वाशिष्ठीकाठच्या माणसाला जो फरक कळतो, तो प्रमाणभाषेत घालताना हमखास पुसला जातो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की ताजी नोंद आणि वीस वर्षांनंतरची नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आज दुकानदार पंचनाम्याबद्दल, विम्याबद्दल, चिखलाच्या वासाबद्दल रागाने बोलतील. वीस वर्षांनी तोच माणूस बहुधा शेजाऱ्याबद्दल बोलेल. आज घ्या आणि जमल्यास त्याच वीस जणांकडे पुन्हा जा.

प्रश्न : ध्वनिमुद्रणासाठी कोणते यंत्र घ्यावे? मुद्रणे कुठे ठेवावीत? लेखी परवानगी लागते का? (नागपूर)

उत्तर : हातातला मोबाइल पुरतो. तो विमान-स्थितीत ठेवावा, पंखा बंद करावा, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात तारीख, जागा, बोलणाऱ्याचे नाव व वय स्वतःच्या आवाजात नोंदवावे. प्रेशर कुकरची शिट्टी आली तर येऊ द्या. मुद्रणाच्या तीन प्रती तीन वेगळ्या जागी ठेवाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. पुराच्या आठवणी पुरात जाऊ नयेत.

परवानगी लेखी घ्यावी, पण ती मुलाखतीच्या शेवटी घ्यावी, कारण आपण काय बोललो हे माणसाला तेव्हाच कळलेले असते. कागदावर तीन पर्याय असावेत: सर्वांना ऐकवावे, नाव न देता ऐकवावे, माझ्या पश्चात ऐकवावे. तिसरा पर्याय निवडणारे अपेक्षेपेक्षा बरेच असतात. एका आजीबाईंनी तिसऱ्यावर खूण केली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिले, ‘धाकट्या सुनेला आधी.’